शिरेतून भूल दिली तर कॅन्सर उलटत नाही?

मांडीतली, दंडातली गाठ सारकोमाची निघाली की बहुधा ऑपरेशन ठरते. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींमधला हा कॅन्सर दुर्मीळ, प्रौढांच्या एकूण कॅन्सरमध्ये साधारण १ टक्का. रुग्णासोबत धावपळ करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी भुलीबद्दलही थोडे समजून घ्यावे, म्हणून हे लिहितो आहोत.

शिरेतून दिले जाणारे प्रोपोफॉल हे सोयाबीन तेलातले, दुधासारखे पांढरे औषध. ऑपरेशनच्या ताणाने कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. प्रोपोफॉल त्यांना वायूच्या भुलीपेक्षा कमी दाबते, असे प्रयोगशाळेत दिसले. २०१६ साली लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या ७००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रोपोफॉल मिळालेले जास्त जगले होते.

पण या जुन्या नोंदी! कोणाला कोणती भूल हे डॉक्टरांनीच ठरवलेले. मग फरक औषधाचा की रुग्णांचा? चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली तरच ते कळते. स्वीडनच्या पुढाकाराने स्तनाच्या कॅन्सरच्या १७०० हून अधिक स्त्रियांवर तशी चाचणी झाली. पाच वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. सारकोमात एवढे रुग्ण जमवणेच कठीण.

प्रोपोफॉलने मळमळ कमी होते, हा फायदा खरा. पण कॅन्सर उलटणार नाही या आशेवर त्यासाठी कोणी कर्ज काढू नये, असे आम्हाला वाटते. त्यापेक्षा गाठ कडांसकट पूर्ण निघाली का, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना विचारा.