माळ्यावरच्या संगणकाला जाग आणताना

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली येईल याचा नेम नसतो. पितळेचे घंगाळ, पाळण्याच्या कड्या, बंद पडलेला रेडिओ. एखाद्या घरात याच पसाऱ्यातून फूटभर लांबीचा, टाइपरायटरसारखी बटणे असलेला एक काळा डबा निघतो. त्याच्या बाजूला भोक पाडून बसवलेला स्विच असतो, मागून दोन-तीन रंगीत तारा लोंबत असतात आणि सोबत बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट असतात. "बाबांचा कॉम्प्युटर आहे तो, टाकू नका," असे कुणीतरी म्हणते आणि डबा पुन्हा वर जातो. हा डबा पुन्हा चालू करता येईल का, असा प्रश्न ज्या घरांत निघतो, त्यांच्यासाठी हा लेख.

बहुतेक वेळा हा डबा सिंक्लेअर स्पेक्ट्रम जातीचा असतो. इंग्लंडमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी तो बाजारात आला. १६ केबी स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबीची १७५ पौंड. आत झेड ८० ए हा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोही त्या ४८ केबीत मावायचा नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही वापरायचा आणि प्रोग्रॅम साठवायला टेपरेकॉर्डर. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवे संगणक धोरण आणले आणि घरगुती संगणकाची वाट थोडी मोकळी झाली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये रीतसर परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने हेच यंत्र भारतात आणले. १९९० पर्यंत त्याची काही हजारांनी विक्री झाली, मग बाजारच संपला. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागातून पुण्या-सोलापूरकडे शिकायला जाणाऱ्यांची वाट जुनीच आहे. त्या वाटेने पुस्तके आली, शिलाई यंत्रे आली, तसा एखादा स्पेक्ट्रमही आला तर नवल नाही.

आणि घरात आलेली वस्तू आहे तशी ठेवायची, हा आपला स्वभाव नाही. पण ही खोड आपल्यालाच होती असेही नाही. स्पेक्ट्रमच्या आधीचा झेडएक्स ८१ हा संगणक १९८१ मध्ये सुट्या भागांच्या रूपातही विकला जाई. ४९ पौंड ९५ पेन्स मोजायचे आणि घरी बसून स्वतः सोल्डर मारायचे. युगोस्लाव्हियात व्होया अँटोनिच या गृहस्थाने १९८३ मध्ये 'गॅलक्सिया' नावाचा संगणक तयार केला आणि त्याची सगळी आकृती मासिकात छापून टाकली. हजारो लोकांनी तो घरी बांधला. त्याचे प्रोग्रॅम बेलग्रेडच्या रेडिओवरून प्रसारित होत आणि ऐकणारे ते कॅसेटवर टेप करून घेत! सोव्हिएत रशियात तर सिंक्लेअरची खास चिप मिळत नसल्यामुळे बाजारातल्या साध्या चिप डझनांनी जोडून लोकांनी स्पेक्ट्रमच्या नकला उभ्या केल्या.

आपल्याकडची कारणे अधिक साधी होती. स्पेक्ट्रमला चालू-बंद करायचा स्विचच नव्हता, सरळ पिन उपसायची. तेव्हा स्विच बसवणे ही अक्कलहुशारीचीच गोष्ट. त्याचे चित्र टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या चॅनेलवर निघे, आणि आपल्याकडच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट संचांत तो पट्टाच नसे. मग मॉड्युलेटर नावाचा पत्र्याचा डबा बाजूला सारून चित्राचा सिग्नल थेट बाहेर काढायचा. कुणी खेळासाठी जॉयस्टिकची जागा केली, कुणी १६ केबीचे ४८ केबी केले, कुणी उष्णतेसाठी अॅल्युमिनियमची जाड पट्टी बाहेरून बसवली. कलबुर्गीचा उन्हाळा पाहिलेल्या माणसाला या शेवटच्या दुरुस्तीचे कारण सांगावे लागणार नाही.

म्हणूनच दुरुस्तीला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी ठरवावी. या डब्याला कारखान्यातून निघाला तसा कोरा करायचे नाही. कोरा स्पेक्ट्रम हवा असेल तर तो जगाच्या बाजारात आजही विकत मिळतो. बाबांनी भोक पाडलेला मिळत नाही. बिदरचा कारागीर किल्ल्यातली माती आणि नवसागर वापरून जस्ताच्या भांड्यावर मुद्दाम काळा रंग चढवतो, तेव्हा कुठे चांदीची नक्षी उठून दिसते. सुनेने चिंच लावून तो काळेपणा घासून काढला तर भांडे चकचकीत होईल, पण बिदरी राहणार नाही. या संगणकाचेही तसेच आहे.

आधी प्लग लावू नका

जुनी वस्तू हाती आली की आधी प्लग लावून बघायचा मोह होतो. तो टाळावा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण त्याच्या पिनमध्ये आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आजच्या बहुतेक अॅडाप्टरचे नेमके उलटे असते. उलटा अॅडाप्टर लावला की एका क्षणात आतला व्होल्टेज बनवणारा ट्रान्झिस्टर जातो आणि जाताना स्मृतीच्या चिपही घेऊन जातो. सोबतचा जुना एलिमिनेटर असेल तर मल्टिमीटर लावून पाहावा. यंत्र न जोडता तो बारा-चौदा व्होल्ट दाखवतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तो तसाच असतो.

मात्र एलिमिनेटर घरी बनवलेला असेल, लाकडी खोक्यात ट्रान्सफॉर्मर आणि वर नुसती चिकटपट्टी, तर तेथे भावनेला जागा नाही. २३० व्होल्टच्या उघड्या तारा घरात ठेवू नयेत. खोके आठवण म्हणून ठेवा, वीज नव्या एलिमिनेटरची द्या. शाळेत बीबीसी मायक्रो पाहिलेल्यांना हे पटेल. १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' योजनेत अडीचशे शाळांना ते संगणक मिळाले होते. त्यांच्या वीजपुरवठ्यातील पारदर्शक तपकिरी आवरणाचे कपॅसिटर वयोमानाने तडकतात आणि चालू करताच दुर्गंधी, दाट धूर सोडून फुटतात.

मग स्क्रू काढून डबा उघडा आणि कशालाही हात लावण्याआधी भरपूर फोटो काढा. कीबोर्डच्या चपट्या प्लॅस्टिक पट्ट्या वाळलेल्या पानासारख्या झालेल्या असतात, ओढल्या की तुटतात. तुटल्याच तर नवा पडदा मिळतो, तेवढे दुःख नको. बोर्डावरचे गोल नळकांडीसारखे कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकलेले असतात. ते धन-ऋण पाहून सगळे बदलावेत. खर्च किरकोळ असतो. नंतर व्होल्टेज तपासावेत. खालच्या १६ केबी स्मृतीच्या आठ चिपना पाच, बारा आणि उणे पाच असे तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात. उणे पाच गेले की त्या चिप फार काळ टिकत नाहीत. यंत्र मिनिटभर चालवून प्रत्येक चिपला बोट लावून पाहावे. एखादीच चटका देत असेल तर बहुधा तीच बिघडलेली असते. सगळे ठीक असेल तर काळा पडदा पांढरा होतो आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्च १९८२ अशी ओळ उमटते. त्या वेळी घरातल्यांना हाक मारायला हरकत नाही.

हे काम करणारा माणूस कोण? संगणकाच्या दुकानात जाऊ नका, तिथला मुलगा मदरबोर्डच बदला म्हणेल. टीव्ही दुरुस्त करणारे जुने मिस्त्री शोधा. आपल्या भागात हा धंदा मुरलेला आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग देशातील सहा राज्यांत झाला, तेव्हा कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा होता. पुढे १९७७ मध्ये तेथे दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. त्या काळात हात बसलेली माणसे आता सत्तरीकडे झुकली आहेत, काहींनी दुकान बंद करून मोबाइलच्या कव्हरांना जागा दिली आहे. ज्यांच्याकडे अजून सोल्डरिंग आयर्न आहे त्यांच्याकडे यंदाच जावे. झिलॉग कंपनीनेही १९७६ पासून चालत आलेल्या झेड ८० प्रोसेसरच्या मूळ घाटातील चिपची शेवटची मागणी २०२४ च्या जूनपर्यंतच घेतली. जुना साठा बाजारात आहे, पण तो आता वाढणार नाही.

ही तार कुणाची?

मिस्त्री जाणकार असला तरी एक सवय त्याला आडवी येते. वेडीवाकडी तार दिसली की तो ती कापतो. येथे त्याचा हात धरावा. कारण जे घरगुती जुगाड दिसते ते कधी कधी कारखान्याचेच असते. पहिल्या खेपेच्या स्पेक्ट्रममध्ये मुख्य चिपची चूक झाकण्यासाठी एक छोटी चिप पाय वर करून तारांनी जोडलेली असे; हौशी मंडळी तिला 'मेलेले झुरळ' म्हणतात. पुढच्या खेपेत एक ट्रान्झिस्टर प्रोसेसरच्या पाठीवर कोळ्यासारखा बसवलेला असे. कुणी तरी अनाड्याने केलेले काम म्हणून ते काढले तर यंत्र बिघडते.

दुसरी गंमत वरच्या ३२ केबीची. खर्च वाचवण्यासाठी सिंक्लेअरने अर्धा भाग नासका निघालेल्या ६४ केबिटच्या चिप स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. कोणता अर्धा चांगला हे बोर्डावरची एक बारीक तार ठरवते. चिप बदलायची तर आठही एकाच जातीच्या हव्यात आणि तारही त्याप्रमाणे हवी. घरी १६ चे ४८ केबी करणाऱ्याने हे सगळे समजून केलेले असते. त्याची तार कापण्याआधी ती कुठून निघते, कुठे जाते हे कागदावर काढावे. अर्थ लागेपर्यंत तिला राहू द्यावे. अर्थ लागला आणि डाग सुटलेला असेल तर त्याच जागी पुन्हा डाग द्यावा. चित्राची तार थेट बाहेर काढलेली असेल तर फारच उत्तम; तीच आजच्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात लागते. बाबांनी खटपट केली होती जुन्या पोर्टेबलसाठी, आणि उपयोगी पडते ती नातवाच्या टीव्हीला.

कॅसेट सर्वांत आधी

खरे तर हे सगळ्यात आधी सांगायला हवे होते, इतके ते महत्त्वाचे आहे. यंत्र दहा वर्षांनीही दुरुस्त होईल, कॅसेट थांबणार नाही. तिच्यावरची चुंबकीय पूड झडते, बुरशी धरते, आतली दाबपट्टीची गादी गळून पडते. खोक्यात घरखर्चाचा हिशेब असेल, परीक्षेचे गुण मांडणारा प्रोग्रॅम असेल, पडद्यावर मुलीचे नाव नाचवणाऱ्या चार ओळी असतील. अशा कॅसेटची दुसरी प्रत जगात कुठेही नसते.

प्रथम कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही वर काही टेप होणार नाही. टेपरेकॉर्डरचे हेड आणि रबरी चाक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन सावकाश मागे आणा. बुरशीचा वास येत असेल तर ती चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. गादी गळली असेल तर स्क्रूच्या कॅसेटमध्ये रिळे बदलून घ्यावीत. मग टेपरेकॉर्डरची तार आजच्या संगणकाच्या आवाजाच्या सॉकेटात लावून दोन्ही बाजू पूर्ण साठवा. प्रथम पाचेक सेकंद एकसारखा सूर ऐकू येतो, मग चरचर, पुन्हा सूर, पुन्हा चरचर. ती चरचर म्हणजेच प्रोग्रॅम: आखूड ठोका म्हणजे शून्य, त्याच्या दुप्पट लांब म्हणजे एक. पूर्ण ४८ केबी भरायला चार-पाच मिनिटे लागत. सूर दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवून आवाज खणखणीत करावा. पडद्याच्या कडेला सुराच्या वेळी तांबडे-आकाशी आणि चरचरीच्या वेळी निळे-पिवळे पट्टे धावू लागले की समजावे, यंत्राने ओळखले.

बुडाशी लागलेली दुसरी बाजूही ऐकायची राहू देऊ नका. त्या काळी कोरी कॅसेट महाग होती. प्रोग्रॅम संपल्यावर उरलेल्या फितीवर कधी भजन, कधी बाळाचे बोबडे बोल, कधी मागच्या खोलीतून आईने मारलेली जेवणाची हाक सापडू शकते.

आता कुणी विचारील, प्रोग्रॅम एकदा साठवले की ते आजच्या संगणकावरच्या नकली स्पेक्ट्रममध्ये चालतात, मग डबा दुरुस्त करायचा कशाला? खेळापुरते पाहिले तर प्रश्न बरोबर आहे. पण नकली स्पेक्ट्रम सिंक्लेअरचा असतो. स्वतः लावलेल्या जॉयस्टिकसाठी किंवा बदललेल्या स्मृतीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्या डब्याशिवाय अडखळतो.

काम झाले की जुने काढलेले कपॅसिटर, तुटका पडदा, सुटे स्क्रू एका पाकिटात घालून डब्यासोबत ठेवा. एका कागदावर मराठीत, तारीख घालून लिहा: काय बदलले, काय तसेच ठेवले, कोणत्या तारेचा अर्थ अजून लागलेला नाही. मिस्त्रींचे नाव लिहायला विसरू नका. कागद झाकणाच्या आत चिकटवा, चिप टाळून.