ड्रोनच्या माथ्यावरचा दिवा

रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या बैलगाडीच्या आसाखाली पूर्वी कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाच्या उजेडात गाडीवानाला रस्ता दिसत असे काय? मुळीच नाही. बैल सवयीने वाट धरीत, गाडीवान बहुधा पेंगत असे, आणि कंदील दोन चाकांच्या मधोमध झुलत राही. तो होता तो इतरांसाठी. मागून-पुढून येणाऱ्या वाहनाला तो सांगत असे की, येथे एक गाडी आहे, जरा जपून या. दिव्याचे असे दोन धर्म आहेत. आपल्याला दिसावे हा पहिला, आणि आपण दुसऱ्याला दिसावे हा दुसरा. प्रस्तुत लेखात आम्हांला या दुसऱ्या धर्माविषयी लिहावयाचे आहे, आणि तेही एका अगदी नव्या वाहनाच्या संदर्भात. ते वाहन म्हणजे कॅमेरा-ड्रोन होय.

बोरगाव, सौंसर आणि पांढुर्णा या आपल्या टापूत ड्रोन आता नवलाईचे राहिलेले नाही. लग्नाच्या वरातीवर ते घिरट्या घालते. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवशी जाम नदीकाठच्या गर्दीवर देखरेख ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्यात आली, आणि प्रारंभीच्या राज्यांत मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही होती. २०२३ साली महिला बचत गटांना १५,००० फवारणी-ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने मंजूर केली. म्हणजे शेतावर, गावावर आणि जत्रेवर ही यंत्रे उडणार हे आता गृहीतच धरावयाचे.

परंतु आकाश काही ड्रोनच्या एकट्याच्या मालकीचे नाही. आपल्या राज्यात २०२४ साली रुग्णांसाठी हवाई रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली. अत्यवस्थ रुग्णाला नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर एखाद्या मोकळ्या मैदानावरही उतरू शकते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हरित क्षेत्रात पूर्वपरवानगीवाचून १२० मीटर, म्हणजे ४०० फूट उंचीपर्यंत ड्रोन उडविता येते. विमाने सामान्यतः त्याच्या पुष्कळ वरून जातात, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. उतरणारे हेलिकॉप्टर मात्र ही सीमा ओलांडून खाली येते, आणि नेमक्या त्याच थरात आपले ड्रोन असू शकते. अशा वेळी वैमानिकाला ते दिसेल काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

थोडे गणित करून पाहू. सामान्य कॅमेरा-ड्रोन सुमारे ३० सेंटिमीटर रुंद असते. ४०० मीटर अंतरावरून ते जेवढे दिसते, तेवढेच सव्वादोन सेंटिमीटर व्यासाचे एक नाणे ३० मीटरांवरून दिसते. हे नाणे मित्राला शाळेच्या पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला धरावयास सांगा, म्हणजे कल्पना येईल. त्यातही ड्रोनचे हात बारीक, रंग करडा, आणि मागे तसल्याच रंगाचे संध्याकाळचे आकाश. जमिनीवर उभ्या असलेल्या उडविणाऱ्यालासुद्धा तीन-चारशे मीटरांपलीकडे ते शोधावे लागते.

आता हेलिकॉप्टरची बाजू पाहा. ताशी २०० किलोमीटर वेगाने येणारे हेलिकॉप्टर एका सेकंदात सुमारे ५६ मीटर अंतर तोडते. समोर काहीतरी आहे हे दिसणे, ते काय आहे हे ओळखणे, टक्कर होणार हे ध्यानात येणे, काय करावयाचे ते ठरविणे, हात हलविणे आणि मग यंत्राने दिशा बदलणे, या सर्वांना मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात असे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात सांगितले आहे. साडेबारा सेकंदांत आपले हेलिकॉप्टर ७०० मीटर पुढे येते. म्हणजे ज्या वस्तूचे दर्शन ४०० मीटरांवर घडते, ती वेळेवर दिसलीच नाही असे म्हणावयास हवे.

ही भीती काल्पनिक नाही. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यू यॉर्कजवळ सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशात अमेरिकन लष्कराचे एक हेलिकॉप्टर आणि एक कॅमेरा-ड्रोन यांची टक्कर झाली. ड्रोन उडविणारा सुमारे चार किलोमीटर दूर होता आणि केवळ हातातल्या पडद्यावर पाहून ते चालवीत होता. हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याचे पाते दुखावले, पण ते सुखरूप उतरले. चौकशीत दोष ठरला तो ड्रोनवाल्याचा, कारण त्याने आपले यंत्र नजरेच्या टप्प्यात ठेवले नव्हते.

यावर एक साधा उपाय म्हणजे ड्रोनवर लुकलुकणारा तीव्र दिवा बसविणे. यालाच स्ट्रोब दिवा म्हणतात. हा शब्द 'गरगर फिरणे' या अर्थाच्या एका ग्रीक शब्दापासून आला आहे. १८३२-३३ च्या सुमारास ऑस्ट्रियातील श्टांपफर आणि बेल्जियममधील प्लातो या दोघांनी खाचा असलेल्या फिरत्या चकतीतून हलती चित्रे पाहण्याचे खेळणे स्वतंत्रपणे तयार केले. त्यांपैकी श्टांपफरच्या खेळण्याचे नाव स्ट्रोबोस्कोप. पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅरल्ड एजर्टन यांनी क्षणमात्र चमकणारा विद्युद्दीप तयार करून वेगाने धावणाऱ्या वस्तूंची छायाचित्रे घेतली. आज तेच काम नखाएवढा एलईडी दिवा करतो.

दिवा सतत जळण्याऐवजी लुकलुकावा, हे कशासाठी? काजव्याने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. अंधाऱ्या शिवारात दहा घरांचे स्थिर दिवे असोत, आपले लक्ष जाते ते झाडावर चमकणाऱ्या काजव्याकडे. आपली दृष्टी स्थिर वस्तूपेक्षा बदलत्या वस्तूकडे अधिक वेगाने वळते. समुद्रकाठच्या लोकांना हे तत्त्व फार जुने आहे. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. आम्हां कोकणी माणसांना अशा दीपगृहांची ओळख लहानपणापासून असते. ठरावीक लयीत लुकलुकणाऱ्या उजेडावरून नावाड्याला किनारा आहे हे तर कळतेच, शिवाय हे कोणते दीपगृह आहे हेही कळते.

लुकलुकण्यात काटकसरही आहे. १९११ साली ब्लाँडेल आणि रे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी क्षणिक प्रकाश डोळ्यांना किती तीव्र भासतो याचा एक नियम मांडला. दिव्याची तीव्रता आणि तो जितका वेळ पेटतो तो काळ यांचा गुणाकार करावा, आणि त्याला त्या काळात ०.२ सेकंद मिळवून भागावे. समजा, १०० कँडेला तीव्रतेचा दिवा दर सेकंदाला एकदा, ०.०५ सेकंद पेटतो. १०० गुणिले ०.०५ म्हणजे ५. त्याला ०.२५ ने भागले की २०. म्हणजे तो दिवा आपल्याला सतत जळणाऱ्या २० कँडेलाच्या दिव्याएवढा भासतो. खर्च मात्र विसाव्या हिश्शाचा, म्हणजे सतत जळणाऱ्या केवळ ५ कँडेलाच्या दिव्याइतका होतो. खर्च पाचाचा आणि दर्शन विसाचे! ज्या यंत्राला एकेका ग्रॅमचा विचार करावा लागतो, त्याला ही चौपट कमाई लहान नव्हे.

परदेशांत यासाठी कायदे झाले आहेत. अमेरिकेत २०१६ पासून संधिप्रकाशात आणि २०२१ पासून रात्रीही तीन मैलांवरून, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरांवरून दिसेल असा लुकलुकता दिवा ड्रोनला असावा लागतो. तेवढ्या अंतरावरून दिसलेल्या दिव्यामुळे आपल्या वैमानिकाला लागणाऱ्या साडेबारा सेकंदांच्या जागी सुमारे ८६ सेकंद मिळतात. युरोपीय संघात १ जुलै २०२२ पासून रात्री उडणाऱ्या ड्रोनवर लुकलुकता हिरवा दिवा लागतो. आपल्या देशातही डिसेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या जुन्या नियमावलीत टक्कर टाळणाऱ्या स्ट्रोब दिव्याचा उल्लेख होता. २०२१ च्या नियमांत विमान-हेलिकॉप्टरांचा मार्ग अडवू नये आणि त्यांच्यापासून दूर राहावे, अशी ताकीद आहे.

आता दिवा बसविण्याची रीत सांगतो.

बाजारात मिळणारे लहान स्ट्रोब दिवे स्वतःच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे ड्रोनच्या तारांना हात लावावा लागत नाही. वरून येणाऱ्याला दिसावा म्हणून एक दिवा माथ्यावर, आणि जमिनीवरून आपल्याला दिसावा म्हणून दुसरा पोटाखाली असावा. एकच दिवा असेल तर तो माथ्यावर लावावा, कारण दिव्याचा दुसरा धर्म तेथेच पाळला जातो. तो वेल्क्रो किंवा दुहेरी चिकटपट्टीने पक्का करावा. ड्रोनच्या माथ्याजवळ बहुधा जीपीएसचा ग्राहक असतो, तो झाकू नये. थंड हवेची छिद्रे, बॅटरीचा खटका आणि पोटाखालचे अंतर मोजणारे डोळे मोकळे राहिले पाहिजेत. पंख्यांच्या फेऱ्यात काही येता कामा नये. दिवा मध्यरेषेवर असावा. एका हातावर लावला तर त्या बाजूला भार पडतो आणि तोल राखण्यात बॅटरी खर्च होते. उजेड कॅमेऱ्याच्या भिंगावर पडला तर चित्रात धुके येते, म्हणून दिव्याला पुढच्या बाजूने लहानशी आडपट्टी द्यावी. सर्व झाल्यावर माणसांपासून दूर, कमरेएवढ्या उंचीवर ड्रोन थोडा वेळ स्थिर ठेवून पाहावे, आणि खाली उतरवून पट्टी सैल झाली नाही ना, हे तपासावे.

लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ४० ते १०० एवढा पुरतो. विमानांच्या टक्कररोधक दिव्यांसाठी हीच मर्यादा ठरलेली आहे. फार जलद लुकलुकणारा प्रकाश अपस्माराच्या काही रुग्णांना अपायकारक ठरतो, हे गर्दीवर ड्रोन उडविणाऱ्याने विसरू नये. रंग पांढरा उत्तम. लाल-निळी जोडी पोलिसांच्या गाडीची खूण आहे, ती आपण घेऊ नये.

एका बाबीकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला 'मायक्रो' म्हटले आहे. कित्येक लहान ड्रोन मुद्दाम २४९ ग्रॅमची केलेली असतात. त्यावर १२ ग्रॅमचा दिवा चढविला की वजन २६१ ग्रॅम होते आणि ड्रोनचा वर्गच बदलतो. नॅनो उडविण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडविले तरीही लागत नाही, पण लग्नाचे चित्रीकरण पैसे घेऊन करावयाचे तर लागते. त्या प्रमाणपत्रासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असावे लागते. म्हणून दिवा लावण्याआधी आणि लावल्यानंतर दोन्ही वेळा वजन करावे. वजन वाचविण्यासाठी दिवा टाळण्यापेक्षा प्रमाणपत्र मिळविणे अधिक शहाणपणाचे.

हा दिवा काय करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. विजेच्या तारेला डोळे नसतात. संत्र्याच्या बागेवरून गेलेली तार ड्रोनचा दिवा पाहून बाजूला होणार नाही, आणि त्या दिव्याच्या उजेडात कॅमेऱ्यालाही ती दिसणार नाही. भर दुपारच्या उन्हात दिव्याचा प्रभाव फारच थोडा उरतो. विमानतळाजवळ किंवा मनाई असलेल्या क्षेत्रात दिवा लावून उडविले, तरी तो गुन्हाच राहतो. आणि हेलिकॉप्टरचा आवाज कानी येताच चित्रीकरण सोडून ड्रोन खाली उतरविणे, हे कर्तव्य दिव्याकडे सोपविता येत नाही.

ज्यांच्याजवळ ड्रोन नाही त्यांनी निराश होऊ नये. सारख्या शक्तीचे दोन टॉर्च घ्या. दोन मित्रांना अंधार पडल्यावर मैदानाच्या टोकाला उभे करा. एकाने टॉर्च स्थिर धरावा, दुसऱ्याने दर सेकंदाला एकदा उघडझाप करावी. तुम्ही पाठ फिरवा, मग एकदम वळा आणि प्रथम कोणता दिवा लक्षात येतो ते टिपून ठेवा. हा प्रयोग दहा जणांवर करा, अंतर वाढवीत जा, आणि वहीत तक्ता मांडा. पुस्तकातला नियम तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी पडताळलेला असेल.

बैलगाडीचा कंदील आता गेला. त्या जागी सायकलीच्या मागे चमकणारी लाल काच आली, ट्रॉलीच्या मागे चकाकणारी पट्टी आली. ड्रोनचा दिवा याच कुळातला आहे. तो लावल्याने आपले चित्र तिळभरही सुंदर होत नाही, उलट बॅटरी थोडी लवकर संपते. त्याचा सारा लाभ आपण कधीही न पाहिलेल्या एका वैमानिकाला आणि त्याच्या मागे स्ट्रेचरवर निजलेल्या रुग्णाला मिळतो. तो रुग्ण आपल्याच गावचा असू शकेल. म्हणून विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी जे कोणी आकाशात यंत्र सोडतील, त्यांनी आधी त्याच्या माथ्यावर दिवा लावावा आणि मगच कॅमेरा सुरू करावा.