सुट्या भागाची परीक्षा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता मायको सर्कल ओलांडून सातपूरच्या हद्दीत आला, की दुतर्फा कारखान्यांच्या भिंती लागतात. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या वसाहतीत डिझेल इंजिनाची नोझल घडविणारा मायकोचा कारखाना आहे. २००८ पासून कंपनीचे अधिकृत नाव बॉश झाले, चौकाचे नाव मात्र जुनेच राहिले. याच सातपुरात ई.एस.डी.एस. कंपनीचे डेटा सेंटरही आहे, म्हणजे बँकांची, कचेऱ्यांची व व्यापाऱ्यांची दप्तरे ज्या संगणकांवर ठेवली जातात त्या संगणकांचे घर. हे दोन्ही धंदे एकमेकांपासून कितीही दूरचे वाटले, तरी सुटा भाग, ज्या यंत्रात तो बसवावयाचा त्या यंत्रावाचून कसा पारखावा, हा प्रश्न उभयतांस समान आहे. आणि नोझलवाल्यांनी त्याचे जे पूर्ण उत्तर दिले आहे, त्याचा निम्माच भाग संगणकवाल्यांनी उचलला आहे, असे माझे मत आहे.

घरपट्टी भरण्याचे एखादे पान डोळ्यांसमोर आणा. वाचकास जे दिसते, म्हणजे मिळकत क्रमांकाची चौकट, थकबाकीचा आकडा आणि 'रक्कम भरा' हे बटण, तो दर्शनी भाग. त्यास या धंद्यात फ्रंटएंड म्हणतात व तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. मिळकतीची नोंद शोधणारा, व्याज आकारणारा व पावती फाडणारा भाग म्हणजे बॅकएंड. तो दूरच्या सर्व्हरवर चालतो. पूर्वी बहुधा सर्व्हरच संपूर्ण पान रचून धाडीत असे. परंतु २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी ज्या पद्धतीस 'एजॅक्स' हे नाव दिले, ती रूढ झाल्यावर पान एकदाच येऊन बसते आणि पुढे लागेल तेवढा मजकूर सर्व्हरकडून मागवीत राहते. साहजिकच दोन्ही भागांचे कारागीरही पुष्कळदा निराळे झाले. कित्येकदा एक चमू नाशकात, तर दुसरा पुण्यात वा परदेशात बसलेला असतो.

अशा वेळी दर्शनी भाग तपासावयाचा तर सर्व्हर चालू हवा, त्यावर नोंदी हव्यात, मधली तार शाबूत हवी, आणि इतके असूनही चूक निघाली तर ती कोणाच्या पदरी घालावी याचा उलगडा होत नाही. नोझल पारखणारा कारागीर या फंदात पडत नाही. तो नोझल इंजिनात न बसविता टेस्टरवर चढवितो, हाताच्या दांड्याने दाब देतो, आणि जुन्या धाटणीच्या नोझलच्या बाबतीत साधारण दोनशे बारच्या आसपास, नेमून दिलेल्या दाबाला ते उघडते की नाही हे गेजवर पाहतो. फवारा सारखा व बारीक उडतो काय, दाब किंचित कमी ठेवला असता टोकाशी थेंब जमतो काय, हेही न्याहाळतो. निकाल वाईट आला, तर दोष नोझलचाच. बिचाऱ्या इंजिनाची चौकशी करण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हीच रीत युनिट टेस्टिंग या नावाने आली. केंट बेक व एरिक गॅमा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसून जेयुनिट या साधनाचा आरंभ केला, आणि त्याच वळणाची साधने पुढे बहुतेक साऱ्या संगणकभाषांत निघाली. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टसाठी आज जेस्ट व व्हीटेस्ट ही प्रचारात आहेत. यांत खऱ्या सर्व्हरच्या जागी एक तोतया उभा करतात, त्याला मॉक म्हणतात. पानाने थकबाकी विचारली, की तोतया आधी पढवून ठेवलेले उत्तर क्षणार्धात देतो, आणि त्या उत्तरावर पानाचे वर्तन कसे होते एवढेच परीक्षेत पाहिले जाते.

तोतयाचा मोठा गुण असा, की तो हुकमी वाईट वागू शकतो. खरा सर्व्हर ऐन वेळी बंद पाडता येत नाही. तोतयाला मात्र 'पाचशे क्रमांकाची चूक परत कर', 'तीस सेकंद गप्प राहा', 'रिकामी यादी दे' अशी आज्ञा करता येते. घरपट्टीच्या पानावर नागरिक उतावीळपणे बटण दोनदा दाबणार, हे गृहीत धरावेच लागते. तेव्हा परीक्षा अशी लिहितात: तोतयाने उत्तर लांबवावे, तेवढ्यात बटण पुन्हा दाबले जावे, आणि अखेरीस तोतयाकडे भरण्याची मागणी एकदाच पोहोचली आहे काय, हे मोजावे. दोनदा पोहोचली असेल, तर उद्या कोणाच्या तरी खात्यातून दुप्पट रक्कम कापली जाण्याचा संभव आहे. अशा शेकडो परीक्षा काही सेकंदांत आटोपतात, आणि प्रत्येक फेरफारानंतर त्या पुन्हा घेता येतात.

येथवर दोन्ही धंदे बरोबरीने चालतात. पुढे मात्र संगणकवाल्यांचे पाऊल अडखळते. समजा, सर्व्हर थकबाकी १२०० आणि दंड ३०० हे दोन आकडे पाठवीत असे, आणि पान त्यांची बेरीज करून १५०० दाखवीत असे. एके दिवशी बॅकएंडच्या चमूने, आपल्या सोयीसाठी, थकबाकी संख्येऐवजी अक्षरांच्या रूपात पाठविण्यास सुरुवात केली. जावास्क्रिप्ट या भाषेत अक्षरांना संख्या 'अधिक' केली असता बेरीज होत नाही, दोन्ही एकापुढे एक चिकटविली जातात. म्हणून पानावर १२००३००, म्हणजे बारा लाख तीनशे रुपयांची घरपट्टी झळकली. तोतया मात्र अजून जुनीच संख्या देत होता, त्यामुळे परीक्षेचा निकाल हिरवाच राहिला. पारख झाली खरी, पण ज्या सर्व्हरच्या भरवशावर ती झाली तो अस्तित्वातच उरला नव्हता.

नोझलच्या टेस्टरमध्येही खरे डिझेल नसते. त्यात कॅलिब्रेशन ऑइल घालतात. परंतु ते तेल म्हणजे हाती लागेल तो द्रव नसून त्याचा दाटपणा व अन्य गुणधर्म आय.एस.ओ. ४११३ या मानकाने बांधून दिलेले आहेत, आणि टेस्टरचा गेजही ठरावीक मुदतीने प्रमाणित गेजशी ताडून दाखला घ्यावा लागतो. बदली वस्तू वापरण्यास मनाई नाही. बदली वस्तूची शहानिशा केल्यावाचून तिच्यावर विसंबण्यास मनाई आहे.

या शहानिशेची साधने संगणकवाल्यांपाशी नाहीत असे नव्हे. पृच्छा कशी येईल व उत्तरात कोणता रकाना कोणत्या प्रकारचा असेल, याचा करारनामा दोन्ही चमूंनी लिहून ठेवावा, तोतयाने त्याबरहुकूम बोलावे, आणि खरा सर्व्हरही प्रत्येक बदलानंतर त्याच करारनाम्यावर तपासला जावा, अशी ही रीत असून तिला कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंग म्हणतात. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या सुमारास निघालेले पॅक्ट हे साधन याच कामाचे आहे. थकबाकीचा रकाना संख्येचाच हवा असे करारात असते, तर तो घोटाळा बॅकएंडच्या अंगणातच उघडकीस आला असता. तरीही काही दोष अशा परीक्षांना दिसतच नाहीत. पान एका पत्त्यावरून व उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून येत असेल, तर सर्व्हरच्या स्पष्ट परवानगीवाचून ब्राउझर ते उत्तर पानाच्या हाती देत नाही. हा बंदोबस्त खऱ्या ब्राउझरचा असल्याने तोतयापुढे तो सहसा प्रकट होत नाही. यास्तव दोन्ही भाग जोडून, खऱ्या ब्राउझरमधून घेतलेल्या थोड्या परीक्षा शेवटी हव्यातच. त्या संथ व नाजूक असतात, म्हणून थोड्या.

ज्या संस्था, बँका वा पालिका ठेकेदाराकडून संकेतस्थळ बनवून घेतात, त्यांच्या अधिकाऱ्यांना सॉफ्टवेअर लिहिता येण्याची आवश्यकता नाही. काम ताब्यात घेताना त्यांनी परीक्षांचा अहवाल जरूर मागावा, पण हिरव्या खुणांची संख्या पाहून समाधान मानू नये. या परीक्षांत वापरलेला तोतया खऱ्या सर्व्हरशी शेवटचा कधी ताडून पाहिला, हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर तारखेसह लेखी मिळाल्याखेरीज बिल मंजूर करू नये.