स्कूलबसवर दगड : बॉस्टन, १९७४

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेका नावाचं शहर आहे. १९५० च्या सुमारास तिथली लिंडा ब्राऊन ही शाळकरी मुलगी रोज रेल्वेचं यार्ड ओलांडून बसथांबा गाठायची. तिथून बस तिला लांबच्या मन्रो शाळेत न्यायची. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर समनर शाळा होती, पण ती गोऱ्या मुलांची आणि लिंडा कृष्णवर्णीय. वडिलांनी तिला समनरमध्ये घालायचा प्रयत्न केला, शाळेनं नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला, की वर्णावरून वेगळ्या केलेल्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत.

दक्षिणेतल्या राज्यांत तर कृष्णवर्णीय मुलांच्या बस गोऱ्यांच्या शाळांवरून पुढे जात आणि मुलांना आणखी लांबच्या, पडक्या शाळांत नेऊन सोडत. लहान लेकरांना इतका प्रवास कशाला, असं तेव्हा गोऱ्या पालकांनी विचारलं नाही. हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण पुढे त्याच देशात बसच्या नावानं मोठं रण माजलं.

उत्तरेतल्या शहरांत वेगळ्या शाळांचा कायदा नव्हता. तिथे वस्त्याच वेगळ्या होत्या आणि त्या आपोआप तशा झालेल्या नव्हत्या. घरकर्जासाठी १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे तयार झाले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगानं जोखमीच्या ठरवल्या गेल्या. कर्ज नाही, म्हणून चांगल्या भागात घर नाही, आणि घर नाही म्हणून चांगली शाळाही नाही. ‘मूल घराजवळच्या शाळेत जावं’ ही मागणी ऐकायला किती साधी! पण वस्ती कुणी कुठे करायची हे आधीच ठरवून टाकलेलं असताना तिचा अर्थ एवढाच उरत होता, की आहे ते तसंच राहू द्या. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे १५ हजार गोऱ्या पालकांनी याच मागणीसाठी ब्रुकलिन पुलावरून मोर्चा नेला. त्यात आयाच जास्त होत्या. त्याच वर्षी नागरी हक्कांचा ऐतिहासिक कायदा झाला आणि शाळांमधलं वर्णांचं असंतुलन दूर करण्यासाठी मुलांच्या शाळा बदलणं म्हणजे ‘विलगीकरण संपवणं’ नव्हे, असं कलम त्यात आलं. उत्तरेतल्या शहरांना त्याचा आडोसा मिळाला.

बॉस्टनमध्ये या लढ्याची सुरुवात न्यायालयानं नव्हे, आयांनी केली. रूथ बॅटसन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीनं ११ जून १९६३ रोजी शहराच्या निवडून आलेल्या शाळा समितीपुढे गाऱ्हाणं मांडलं. आमच्या मुलांच्या शाळा जुनाट आहेत, वर्ग खचाखच भरले आहेत आणि प्रत्यक्षात आमची मुलं वेगळीच ठेवली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीच्या अध्यक्ष लुईस डे हिक्स यांनी शेवटचा मुद्दा मान्य करायलाच नकार दिला. आठवड्याभरात हजारो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. १९६५ मध्ये राज्यानं कायदा केला, की निम्म्याहून जास्त मुलं गौरेतर असलेली शाळा असंतुलित मानली जाईल आणि सुधारणा न करणाऱ्या गावाचा निधी रोखला जाईल. समितीनं तोही वर्षानुवर्षं चालढकल करत टाळला. १९६५ मध्येच रॉक्सबरी भागातल्या आयांनी एलन जॅक्सन यांच्या पुढाकारानं स्वतःच वर्गणी जमवली, बस भाड्यानं घेतल्या आणि गोऱ्यांच्या शाळांत जिथे जागा रिकाम्या होत्या तिथे मुलं पाठवायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांवर बस कुणी लादली नव्हती. दुसरी वाट उरली नाही तेव्हा त्यांनी ती पदरमोड करून मिळवली.

१९७२ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनी दावा लावला. २१ जून १९७४ रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी दीडशेहून अधिक पानांचा निकाल दिला. नव्या शाळा कुठे बांधायच्या, कोणत्या शाळेतून मुलं कोणत्या हायस्कूलला जाणार, बदलीची परवानगी कुणाला द्यायची, हे सगळं समितीनं जाणूनबुजून वर्ण पाहून ठरवलं, असं त्यात पुराव्यानिशी दाखवलेलं आहे. या निष्कर्षाला वरच्या न्यायालयातही धक्का लागला नाही. विरोधकांच्या भाषणांत मात्र हा भाग क्वचितच यायचा. तिथे उल्लेख असायचा तो फक्त ‘सक्तीच्या बस’चा.

निकालानंतर शाळा उघडायला तीन महिनेही नव्हते. हाताशी राज्याच्या शिक्षण मंडळानं आखलेली योजना होती, तीच लागू झाली. तिच्यात रॉक्सबरी आणि साउथ बॉस्टन यांची हायस्कुलं एकमेकांशी जोडलेली होती, म्हणजे एकीकडची मुलं बसनं दुसरीकडे जाणार होती. रॉक्सबरी कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती, तर साउथ बॉस्टन आयरिश कॅथलिक कामगारांचं ठाणं. आपली माणसं, आपलं चर्च, आपली शाळा या आधारावर उभी असलेली ती वस्तीही गरीबच होती. तिथल्या शाळेतून कॉलेजात जाणारी मुलंही थोडीच.

१२ सप्टेंबर १९७४ रोजी शाळा उघडल्या. शहरातल्या बहुतेक शाळांत दिवस शांततेत गेला. साउथ बॉस्टनमध्ये टेकडीवरच्या हायस्कूलबाहेर मात्र जमाव शिव्या देत उभा होता. दुपारी घरी निघालेल्या मुलांच्या बसवर दगड पडले, काचा फुटल्या, मुलं जखमी झाली. तीन दिवस आधीच सिनेटर एडवर्ड केनेडी सिटी हॉलसमोरच्या बसविरोधकांच्या सभेत लोकांशी बोलायला गेले होते. त्यांच्याच आयरिश कॅथलिक मतदारांनी त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकून त्यांना पळवून लावलं. डिसेंबरमध्ये साउथ बॉस्टन हायस्कूलमध्ये एका गोऱ्या मुलाला चाकू लागला आणि शाळा कित्येक आठवडे बंद राहिली. पुढच्या वर्षी शहरातल्याच चार्ल्सटाउन भागात आया जपमाळा घेऊन, प्रार्थना म्हणत पोलिसांसमोर चालत गेल्या. ५ एप्रिल १९७६ रोजी टेड लँड्समार्क हे कृष्णवर्णीय वकील कामासाठी सिटी हॉलकडे निघाले असताना बसविरोधी मोर्चातल्या तरुणांनी त्यांना मारहाण केली. अमेरिकेचा झेंडा लावलेला दांडा त्यांच्यावर रोखलेला आहे, असं स्टॅन्ली फोरमन यांचं छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

हे सगळे विरोधक केवळ द्वेषानंच पेटले होते, असं म्हणणं अपुरं ठरेल. मुलीला अनोळखी वस्तीत पाठवताना एखाद्या आईला वाटलेली भीती खरी होती. तशी ती रॉक्सबरीतल्या आईलाही वाटत होती, आणि तिच्या मुलीच्या बसवर तर खरोखर दगड पडत होते. शिवाय साउथ बॉस्टनच्या लोकांची एक तक्रार अगदी रास्त होती. हा निकाल देणारे गॅरिटी राहत होते वेल्झली या संपन्न उपनगरात, आणि योजना तिथवर पोचतच नव्हती. पोचणारही नव्हती. त्याच उन्हाळ्यात, २५ जुलै १९७४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की शहरातल्या शाळांच्या विलगीकरणात उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना योजनेत ओढता येणार नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी कडक विरोधी मत नोंदवलं. लिंडा ब्राऊनच्या खटल्यात वकिलांची फळी त्यांनीच उभी केली होती. पण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना आता वाट मोकळी झाली. शहराची हद्द ओलांडली की प्रश्न संपला. १९७३ मध्ये बॉस्टनच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं गोरी होती. आज ती सुमारे १५ टक्के आहेत. हा ओघ निकालाआधीच सुरू झाला होता, बसच्या वादानं तो वाढला.

तरी ‘बसचा प्रयोग फसला’ हे सरसकट विधान खोटं आहे. उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट शहरात शहर आणि उपनगरं मिळून एकच शाळा जिल्हा होता. तिथल्या बस योजनेला सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये एकमतानं मान्यता दिली. तिथेही सुरुवातीला मोर्चे निघाले, शाळांत मारामाऱ्या झाल्या, कृष्णवर्णीयांचे वकील ज्यूलियस चेंबर्स यांचं कार्यालय जाळलं गेलं. पण १९७४ मध्ये नागरिकांनी एकत्र बसून योजना नव्यानं आखली आणि श्रीमंत गोऱ्या वस्त्यांतल्या मुलांनाही कृष्णवर्णीय वस्तीतल्या वेस्ट शार्लट हायस्कूलमध्ये पाठवायचं ठरलं. ओझं वाटलं गेलं, तेव्हा विरोध निवळला. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी तिथल्या प्रचारसभेत बस योजनेवर टीका केली, तेव्हा समर्थकांच्या त्या गर्दीनंही टाळ्या वाजवल्या नाहीत. अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी देशभरातल्या त्या पिढीच्या आयुष्याचा मागोवा घेतला. मिश्र शाळांत शिकलेली कृष्णवर्णीय मुलं अधिक शिकली, मोठेपणी अधिक कमावू लागली, तुरुंगात कमी गेली. गोऱ्या मुलांचं नुकसान झाल्याचं त्यांना आढळलं नाही. शार्लटची योजनाही पुढे न्यायालयानंच मोडीत काढली आणि २००२ मध्ये ती संपली.

बॉस्टनमध्ये एक धागा मात्र टिकून आहे. रॉक्सबरीतल्या आयांच्या त्या धडपडीपाठोपाठ १९६६ मध्ये ‘मेटको’ नावाची ऐच्छिक योजना सुरू झाली. ती आजही शहरातल्या सुमारे तीन हजार मुलांना तीसेक उपनगरांच्या शाळांत पाठवते. उपनगरातल्या मुलांना बॉस्टनच्या शाळांत आणणारी बस मात्र तिच्यात नाही.