प्लग स्वस्त, इंजिन महाग

मंडळी, चिरंजीवांनी जुनी मझदा आरएक्स-८ घरी आणली असेल तर हे वाचाच. तिच्या रोटरी इंजिनात रोटर दोन, प्लग चार: खालचे दोन लीडिंग, वरचे दोन ट्रेलिंग. एनजीकेचे नेहमीचे क्रमांक अनुक्रमे आरई७सी-एल आणि आरई९बी-टी. या कंपनीत आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. तेव्हा अदलाबदल नको. एकेक काढून बसवा.

पर्यायी प्लगला आमची हरकत नाही, पण तो रोटरीसाठीच बनवलेला हवा. साध्या गाडीच्या प्लगचे पुढे आलेले टोक फिरत्या रोटरला लागू शकते. मग वाचलेले डॉलर कुठे शोधायचे?

इंजिन गार होऊ द्या. डावे पुढचे चाक काढले की हात पोचतो. हाऊसिंग अॅल्युमिनियमचे आहे, आटे लगेच जातात. प्लग आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी.