घरून काम, पण कुठल्या खोलीतून?

सुरुवातीलाच माफी मागते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर आहे. चुका दिसल्या तर पोटात घाला!

तर विषय असा. समर इंटर्नशिपच्या फॉर्मवर एक रकाना आहे : 'ऑफिस की घरून?' शुक्रवारपर्यंत भरायचाय. आमच्या मजल्यावर सगळ्यांचं एकच मत, घरून! सकाळची बस नाही, फॉर्मल्सना इस्त्री नाही. मीही तेच लिहिणार होते, पण २०२० ची ताई आठवली.

ताई हिंजवडीत नोकरीला. लॉकडाऊनमध्ये तिचं ऑफिस आमच्या हॉलमध्ये आलं, तेही इस्त्रीच्या टेबलावर. इकडे क्लायंटचा कॉल, तिकडे कुकरची शिट्टी. बाबा म्हणायचे, "घरीच आहेस ना, दार बघ जरा." रात्री अकरालाही लॅपटॉप उघडाच. येण्याजाण्याचे दोन तास वाचले खरे, पण ते तिला मिळालेच नाहीत. कंपनीने आणि घराने वाटून घेतले!

मग याचं कोणी नीट मोजमाप केलंय का ते शोधलं. सगळ्यात गाजलेला प्रयोग चीनमधला. सीट्रिप ही शांघायची ट्रॅव्हल कंपनी. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये तिच्या कॉल सेंटरमधले घरून काम करायला तयार असलेले २४९ जण घेतले. वाढदिवस सम तारखेला असेल तर घरी, विषम असेल तर ऑफिसात. (आपल्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस पण अशाच पाडाव्यात!) नऊ महिन्यांनी घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं. त्यातले ९ टक्के फक्त जास्त वेळ काम केल्यामुळे, म्हणजे ब्रेक कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे, कारण घरी शांतता होती. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

सगळे इथेच थांबतात आणि १३ टक्के सांगत फिरतात. पण पुढचं वाचा ना! निवड होण्यासाठी घरी ब्रॉडबँड आणि स्वतःची वेगळी खोली असावी लागत होती. म्हणजे इस्त्रीचं टेबलवाले आधीच बाद. शिवाय तेवढंच काम करूनही घरच्यांना बढती कमी मिळाली, साहेबाच्या डोळ्यांसमोर नसल्यावर दुसरं काय होणार? आणि शेवटी 'आता तुम्हीच ठरवा' म्हटल्यावर घरच्या गटातले निम्म्याच्या आसपास लोक चक्क ऑफिसात परतले. मोठं कारण, एकटेपणा.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. घरी बसवलेल्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. गंमत म्हणजे ज्यांना घरूनच हवं होतं, त्यांचंच घरी जास्त घसरलं, २७ टक्के! त्यात मुलंबाळं, घरची जबाबदारी आणि पैशाची ओढाताण असलेले जास्त. याला आळशीपणा म्हणायची माझी तरी हिंमत नाही. ज्यांना घर सोडता येत नाही ते घर मागतात, आणि तिथेच काम सगळ्यात अवघड असतं.

आणि कोडिंगसारख्या कामाचं काय? तर सीट्रिपच्याच कंपनीने, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग केला. त्यात इंजिनिअर्सही होते. बुधवारी आणि शुक्रवारी घरी, बाकी दिवस ऑफिस. राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामात काही फरक पडला नाही. बायका, साहेब नसलेले आणि लांबून येणारे, यांचे राजीनामे सगळ्यात जास्त घटले. मला तरी हाच मार्ग पटतो, पण माझ्या फॉर्मवर तो रकानाच नाही.

ताईचं ऑफिस आता आठवड्यातले तीन दिवस बोलावतं. काल तिला फोन केला. म्हणाली, "घरून घे की, पण बुधवारी आणि शुक्रवारी टेबल मला लागतं. तू कुठे बसणार ते सांग."

मी 'ऑफिस' वर टिक केलं. आता फॉर्मल्स कोणाकडून उसने मिळतात ते बघते.