साठावा हिस्सा : आजारी शेजाऱ्याकडे जाताना

कोकणातल्या गावात कुणी अंथरूण धरले की बातमी आळीभर व्हायला तासही लागत नसे. कुणी पेज घेऊन येई, कुणी वैद्याला बोलावायला जाई, कुणी नुसतेच ओटीवर येऊन बसे. दुबई, शारजा, अबू धाबीच्या इमारतींत तसे होत नाही. शेजारच्या दाराचा नंबर माहीत असतो, पण आत राहणाऱ्याचे नाव कधी कधी माहीत नसते. आणि इथेच शेजाऱ्याची गरज जास्त आहे, कारण अमिरातीत राहणाऱ्या बहुतेकांचे आईवडील, भावंडे, काका-मामा समुद्रापलीकडे असतात. अचानक मोठे दुखणे आले, तर पहिल्या दिवशी धावून येऊ शकणारा जवळचा नातेवाईक म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी.

आजाऱ्याची भेट घेण्याच्या मित्सव्याला हिब्रूत ‘बिक्कूर होलीम’ म्हणतात. ‘होलीम’ म्हणजे आजारी माणसे. ‘बिक्कूर’ म्हणजे भेट, पण ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ नीट पाहणे, तपासून पाहणे असाही आहे. मराठीतही ‘आजाऱ्याला बघायला जाणे’ असेच म्हणतात. आजाऱ्याच्या सेवेसाठी मराठीत जो शब्द आहे, ‘शुश्रूषा’, तो संस्कृतातल्या ‘ऐकणे’ या धातूपासून आलेला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. म्हणजे बघणे एका भाषेने सांगितले आणि ऐकणे दुसऱ्या भाषेने. आजाऱ्याच्या खोलीत या दोन गोष्टी आधी करायच्या असतात. मदत त्यानंतर.

झाडू आणि पाणी

या मित्सव्याची सुरुवात आपले ज्ञानी लोक आब्राहामपाशी नेतात. सुंता झाल्यावर आब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसला होता. तेव्हा देवाने त्याला दर्शन दिले. ती भेट आजाऱ्याची विचारपूस करण्यासाठी होती, असे तालमुद सांगतो. देव स्वतः आजाऱ्याच्या दाराशी जातो, तर माणसानेही जावे, हा त्याचा बोध.

तालमुदातली दुसरी गोष्ट रब्बी अकीवांची. त्यांचा एक शिष्य आजारी पडला. मोठमोठ्या पंडितांपैकी कुणीच त्याच्याकडे गेले नाही. रब्बी अकीवा गेले. ते आल्यामुळे खोली झाडली गेली, जमिनीवर पाणी शिंपडले गेले. शिष्याच्या जिवात जीव आला. ‘तुम्ही मला जगवलेत,’ अशा अर्थाचे तो बोलला. त्यानंतर रब्बी अकीवांनी शिकवले की आजाऱ्याकडे न जाणे हे रक्त सांडण्यासारखे आहे. या गोष्टीत चमत्कार नाही आणि औषधही नाही. एक झाडू आणि थोडे पाणी आहे. धुळीने भरलेल्या खोलीत आजारी माणूस एकटा पडला आहे, हे कुणीतरी पाहिले. त्याचे प्राण वाचले ते तेवढ्याने.

तिसरी शिकवण हिशेबाची आहे. आजाऱ्याला भेटायला जाणारा त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे तालमुदात म्हटले आहे. त्यावर तिथेच शंका निघते : मग साठ माणसे पाठवा, आजारी उठून उभा राहील! उत्तर असे की प्रत्येक जण मूळ दुखण्याचा नव्हे, तर त्या वेळी जे उरले असेल त्याचा साठावा हिस्सा नेतो. वर्गातल्या मुलांनी कॅल्क्युलेटरवर हे करून पाहावे. साठ माणसे येऊन गेली तरी एक तृतीयांशाहून थोडे जास्त दुखणे उरतेच. शून्य कधी होत नाही. म्हणजे दुखणे पूर्ण काढून टाकण्याची जबाबदारी कुणा एकावर नाही. प्रत्येकाने आपला साठावा हिस्सा तेवढा उचलायचा. गंभीर आजारात लोक पुष्कळदा जात नाहीत, कारण ‘आपण जाऊन काय करणार’ असे त्यांना वाटते. हा हिशेब त्याचेच उत्तर आहे.

अबू धाबीतले नाव

अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली अब्राहमिक फॅमिली हाउस उघडले. तिथे एक मशीद, एक चर्च आणि एक सिनेगॉग एकाच आवारात आहेत. त्या सिनेगॉगला मोशे बेन मैमोन यांचे नाव दिले आहे. हेच आपले रामबाम. ते स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात जन्मले, इजिप्तमधल्या फुस्तातमध्ये राहिले आणि १२०४ मध्ये वारले. ते धर्मशास्त्राचे मोठे पंडित होते आणि राजदरबारचे वैद्यही होते.

त्यांना आजाऱ्याची खाट आतून माहीत होती. त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी हिंदुस्थानच्या बाजूला निघाला आणि समुद्रात बुडाला. त्या धक्क्याने रामबाम सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होते, असे त्यांनी स्वतःच पुढे एका पत्रात लिहिले. म्हातारपणी, ११९९ साली लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात त्यांनी आपली दिनचर्या सांगितली आहे. रोज सकाळी कैरोला दरबारात जायचे, दुपारनंतर भुकेले घरी परतायचे, तर अंगण माणसांनी भरलेले असायचे. त्यांत ज्यू असत आणि ज्यू नसलेलेही असत. रामबाम हात धुऊन, थोडे खाऊन त्यांना तपासू लागत. थकवा इतका असे की शेवटी पडल्या पडल्याच ते त्यांच्याशी बोलत.

‘मिश्ने तोरा’ या आपल्या ग्रंथात रामबामांनी आजाऱ्याला कसे भेटावे याचे नियम लिहिले. ते नियम सगळे भेटणाऱ्यासाठी आहेत. आजाऱ्यावर एकही बंधन नाही. मोठ्यानेही लहानाकडे जावे. दिवसातून अनेकदा गेले तरी चांगलेच, पण आजाऱ्याला त्रास होता कामा नये. साधारणपणे तिसऱ्या दिवसापासून जावे, मात्र दुखणे अचानक आले किंवा वाढले तर लगेच जावे. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आणि शेवटच्या तीन तासांत जाऊ नये, कारण तेव्हा घरची माणसे आजाऱ्याच्या कामात गुंतलेली असतात. पोटाचा विकार, डोळ्यांचे दुखणे किंवा डोकेदुखी असलेल्याच्या खोलीत शिरू नये, कारण त्याला भेट जड जाते. आजाऱ्याच्या उशाशी उंच जागी बसू नये, त्याच्यापेक्षा खाली बसावे, त्याच्यासाठी दया मागावी आणि निघावे. आठशे वर्षांपूर्वीचे हे नियम आजच्या रुग्णालयातल्या कोणत्याही परिचारिकेला पटतील.

अमिरातीत हे कसे करावे

समजा, करामातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना कर्करोग निघाला आहे. घरात फक्त काकू. मुलगा ठाण्याला. अशा वेळी शेजारी काय करू शकतो?

पहिली गोष्ट वेळेची. सकाळी अंघोळ, औषधे, डॉक्टरांची फेरी असते. म्हणून आधी मेसेज करावा आणि विचारलेल्या वेळीच जावे. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी बाराला सुटतात. ज्यांना ती सवड मिळते त्यांना शब्बाथ लागण्याआधी एक भेट सहज जमते. काकूंना मुलाशी फोनवर बोलायचे असेल तर भारताचे घड्याळ दीड तास पुढे असते. मुलगा कामावरून घरी येतो त्या सुमारास कुणी काकांजवळ बसले, तर काकूंना बाल्कनीत जाऊन मोकळेपणी बोलता येते. ते बोलणे आजाऱ्यासमोर होत नसते.

दुसरी गोष्ट खाण्याची. मराठी माणूस आजाऱ्याकडे शहाळे नेतो. पण मूत्रपिंडाच्या आजारात, डायलिसिस चालू असेल तर, शहाळ्याच्या पाण्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. केमोथेरपी चालू असताना कच्ची फळे आणि फुले काही वॉर्डांत आत नेऊ देत नाहीत. म्हणून विचारल्याशिवाय काही नेऊ नये. घरची पेज, मऊ भात, पातळ वरण बहुतेकांना चालते. तरीही मीठ किती, साखर चालते का, हे विचारावे. आजारी माणूस मुसलमान, हिंदू, जैन कुणीही असो, त्याचे पथ्य जसे आपण विचारतो तसा त्याचा आहारधर्मही विचारावा. काश्रुत पाळणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि जेवण काकूंसाठीही न्यावे. आजाऱ्याची सेवा करणारे माणूस पुष्कळदा उपाशी असते.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. खाजगी नोकरी करणाऱ्याला २०२१ च्या कामगार कायद्यानुसार, प्रोबेशन संपल्यानंतर, वर्षात ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते : पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, उरलेले ४५ दिवस बिनपगारी. आजार झाल्याचे मालकाला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागते आणि वैद्यकीय अहवाल द्यावा लागतो. तापाने पडलेल्या माणसाला हे सुचत नाही. तो कागद वेळेवर पोचवणे हीसुद्धा बिक्कूर होलीमच आहे. अमिरातीत राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीशी बांधलेला असतो. तेव्हा एका कागदाने घर टिकू शकते.

चौथी गोष्ट, जे करू नये. भारतातून येताना ‘हे औषध गुणकारी आहे’ म्हणून गोळ्यांची पाकिटे आणू नयेत. वेदनाशामक आणि झोपेची कित्येक औषधे इथे नियंत्रित आहेत आणि ती आणण्यासाठी सरकारी परवानगी आधी घ्यावी लागते. व्हॉट्सअॅपवर झोळी फिरवून पैसे गोळा करू नयेत. २०२१ च्या देणग्यांच्या कायद्यानुसार ते काम परवाना असलेल्या संस्थांचे आहे. पैशांची गरज असेल तर कुटुंबाला अशा संस्थेपर्यंत नेऊन पोचवावे. अमिरात रेड क्रिसेंट आहे, कर्करोगासाठी शारजातली १९९९ पासूनची ‘फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स’ आहे, अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासामार्फत चालणारा कल्याण निधी आहे. आजाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नये. ते कायद्यात बसत नाही, आणि शोभतही नाही.

शेजारी आपला नसला तर

रामबामांनी लिहून ठेवले आहे की ज्यू नसलेल्या आजाऱ्यांनाही भेटावे, कारण त्याने माणसामाणसांत शांती नांदते. अमिरातीत ही गोष्ट दारोदार दिसते. अरब शेजारी आजाऱ्याला म्हणतो, ‘मा तशूफ शर्र’ : तुझ्या वाट्याला वाईट न येवो. आजारी उत्तर देतो की वाईट तुझ्यापर्यंतही न येवो. अंथरुणावरचा माणूसही भेटायला आलेल्याला काहीतरी देतो, ही त्या उत्तरातली खुबी. आपण ‘रफुआ शलेमा’ म्हणतो : पूर्ण बरे वाटो.

बेने इस्राएल घरांत आजारी बरा झाला की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, फळे ताटात मांडून देवाचे आभार मानतात. त्या दिवशी शेजाऱ्यांनाही बोलवावे, कारण त्यांचा साठावा हिस्सा त्यात आहे. पण प्रत्येक दुखण्याच्या शेवटी मलिदा होत नाही. काही काका बरे होत नाहीत, हे मुलांनाही सांगायला हवे. ज्याला आता बरे करता येत नाही त्याच्याकडेच लोकांचे जाणे कमी होते, आणि नेमके तेव्हाच ते जास्त हवे असते. त्या वेळी खोली झाडायची, उशी सरळ करायची, खाली बसायचे, ऐकायचे. तेवढेच करायचे असते.

काय बोलावे

आता मराठीच्या वर्गाचा भाग. आजाऱ्याकडे गेल्यावर पुढची वाक्ये सोडावीत : ‘किती खंगलात हो!’ ‘आमच्या ओळखीत एकाला हेच झाले होते.’ ‘धीर धरा, काही होत नाही.’ पहिले खरे असून दुखावते, दुसरे घाबरवते, तिसरे आजाऱ्याचे बोलणेच बंद करते.

‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य चांगल्या मनाने म्हटले जाते, पण मागण्याचे ओझे ते आजाऱ्यावरच टाकते. त्याऐवजी काम ठरवून विचारावे : ‘काकू, मी ग्रोसरीत चाललेय, दूध आणि ब्रेड आणू ना?’ ‘उद्याच्या तपासणीला गाडी मी काढतो. नऊ वाजता खाली येऊ?’ अशा प्रश्नाला नुसती मान हलवून उत्तर देता येते.

आणि निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. एरवी हा शब्द सवयीने तोंडातून निघतो. आजाऱ्याच्या दाराशी मात्र तो शब्द म्हणजे वचन असते. म्हणून तिथे ‘येतो काका’ म्हणताना वारही सांगावा, आणि त्या वारी जावे.